जुन्या गाडीचं सनरूफ वाजतंय, पूर्ण असेंब्ली बदलायला सांगताहेत. नागपुरात कोणी दुरुस्त करून घेतलंय का?

बेसा_ते_बर्डी

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची सेडान, पेट्रोल, सनरूफ कंपनीतूनच आलेलं, बाहेरून बसवलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यापासून छताकडून आवाज येऊन राहिला. आधी फक्त खड्ड्यात यायचा, आता सिमेंट रोडवर सरळ चाललो तरी कट-कट-कट सुरू असते, एसीचा पंखा एकवर आणला की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले पूर्ण असेंब्ली बदला, पार्ट मागवावा लागेल, पाच आकडी खर्च, आणि एवढं करून आवाज जाईलच असं लिहून द्यायला तयार नाहीत. घराजवळचा मिस्त्री म्हणतो सिलिकॉन भरून कायमचं बंद करून टाका. मला दोन्ही पटलं नाही. आम्ही सनरूफ वापरतो, हिवाळ्यात रामटेक-पेंचकडे जाताना मुलांना तेच पाहिजे असते, आणि गाडी बाकी एकदम चांगली आहे, इंजिनला हात लावायची गरज पडली नाही आजवर. या आवाजापायी गाडी विकावी असं अजिबात वाटत नाही. कोणी हे काम खरंच केलं असेल तर सविस्तर सांगा, घरी करण्यासारखं असेल तर मी करायला तयार आहे.

हिंगण्याचे_काका

बेटा, आधी काही खोलू नको. छतातून आवाज येते म्हणजे सनरूफच वाजते असं नसते. एमआयडीसीत माझं वर्कशॉप होतं, छत वाजते म्हणून आलेल्या गाड्यांत कितीदा तरी दोष निघे चष्मा ठेवायच्या डब्याचा, नाही तं सीटबेल्टच्या वरच्या ॲडजस्टरचा, नाही तं सनव्हायझरच्या क्लिपचा. अँटिनाचा बुड ढिला असला तरी छतभर वाजते. आणि जुन्या गाडीत सगळ्यात फसवणारं म्हणजे समोरच्या शॉकअपचं वरचं माउंट. ते गेलं की ठोका पिलरमधून, म्हणजे छत धरणाऱ्या खांबातून, वर चढते आणि तुले वाटते डोक्यावर वाजून राहिलं.

तं असं कर. गाडी दुसऱ्या कोणाले चालवाले दे, तू मागं मधात बस. चष्म्याचा डबा रिकामा, व्हायझरमधले कागद बाहेर, डिकी रिकामी. मंग एकेक करत पाय:

काच बंद, खालचं शेड, म्हणजे ऊन अडवणारं सरकतं झाकण, तेही बंद, शेडवर हातानं दाब दे. आवाज थांबला तं शेडचे सरकते तुकडे झिजले.
शेड पूर्ण मागं ढकल, आता काचेले खालून तळहात लाव, हलका दाब दे, चारही कोपऱ्यांत वेगवेगळा.
मंग काच टिल्ट कर, म्हणजे मागून वर उचल. आवाज गेला तं काच आणि रबरामधला मामला आहे.
मंग पूर्ण उघड. आता उरला तं तो काचेचा नाही.

हे सगळं एकाच रस्त्यावर, एकाच स्पीडनं. आणि इथं येऊन सांगजो, मंग पुढचं पाहू.

रिंगरोड_रायडर

काकांच्या यादीला माझी एक जोड. सिमेंट रोडला आडवे जॉइंट कापलेले असतात, साधारण साडेचार मीटरवर एक. ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला अडीच जॉइंट. तुमचा कट-कट त्याच ठेक्यात येतो का ते बघा, स्पीड वाढवला की ठेका पण फास्ट होतो का. तसं होत असेल तर झटका चाकातून वर येतोय आणि छतात जे ढिलं आहे ते वाजतंय. ठेक्याचा संबंधच नसेल, गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावरही आवाज येत असेल, तर इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या रबरी गाद्या, बसलेत, त्यांची थरथर छतापर्यंत पोचते. मग सनरूफ कितीही दुरुस्त करा, फरक नाही पडणार.

आणि टायरची हवा आधी चेक करा. आपल्याकडे पंक्चरवाले विचारत पण नाहीत, सरसकट ३५-३६ भरून देतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असते, त्यावर जेवढं लिहिलंय तेवढीच भरा, सकाळी टायर थंड असताना. हवा जास्त असली की प्रत्येक जॉइंट आणि रस्त्याकडेच्या गट्टूंची प्रत्येक कड आत येते.

काटोल_नाका

एवढं कशाला राजेहो. सिलिकॉन सीलंट घ्या, चारही बाजूंनी मारा, विषय बंद. आपल्या इथं मे महिन्यात सनरूफ उघडतं कोण, आणि पावसाळ्यात उघडता येत नाही.

संत्राबर्फी

काटोल_नाका भाऊ, कृपा करून हे कोणाला सुचवू नका. सनरूफ म्हणजे नुसती काच नाही, काचेच्या खाली चौकटभर पन्हाळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खाली उतरतात, समोरच्या दोन पुढच्या पिलरमधून, मागच्या दोन मागच्या पिलरमधून. काचेचं रबर शंभर टक्के पाणी अडवत नाहीच, ते थोडं पाणी आत येणार असं धरूनच डिझाइन केलेलं असतं आणि ते पन्हाळीतून नळीत जातं. वरून सीलंट मारलं की वर्षाभरात उन्हानं ते एका जागी सुटणार, तिथून पाणी आत जाणार, आणि आता काच उघडत नाही म्हणजे पन्हाळ साफ करायचा रस्ताच बंद. मग पाणी रूफ लायनिंगवर येणार नाहीतर पिलरमधून खाली कार्पेटखाली साचणार. त्या कार्पेटखाली वायरिंग असते.

आणि सीलंट मारल्यावर शेड, गाइड, पुढची जाळी, सगळं आत तसंच ढिलं राहतं. आवाज तरी कुठे जाणार?

काटोल_नाका

हे नळ्यांचं माहीत नव्हतं ताई. पण ज्याची मोटरच गेली आहे आणि खर्च करायचा नाही त्यानं काय करायचं मग?

हिंगण्याचे_काका

त्यानं हातानं बंद करायचं. बहुतेक गाड्यांत छताच्या लाइटच्या मागं, नाही तं मोटरच्या बुडाशी ॲलन की लावाची जागा असते, कंपनीच्या टूलकिटमधे ती की येते. काच नीट बंद करून सनरूफचा फ्यूज काढून ठेव म्हणजे लेकरानं बटन दाबलं तरी हलणार नाही. मंग पुढं कधी पैसे आले तं मोटर बदलता येते. सीलंट मारलेलं छत कोणी हातात घेत नाही.

बेसा_ते_बर्डी

सगळ्यांचे आभार. रविवारी भावाला चालवायला बसवलं, मी मागे. हवा खरंच ३७ होती, स्टिकरवर ३२ आहे, ती उतरवली तेवढ्यानंच थोडा फरक पडला. चष्म्याचा डबा निर्दोष. उभ्या गाडीत रेस दिली तर काही नाही, म्हणजे माउंट ठीक असावेत. रायडर भाऊ म्हणतात तसा ठेका मात्र बरोबर जॉइंटचाच आहे.

काकांनी सांगितल्याप्रमाणे एकेक करून पाहिलं तर एक नाही, तीन आवाज निघाले:

शेड बंद असताना घरघर, हात ठेवला की थांबते.
मुख्य कट-कट, डाव्या बाजूला मागच्या कोपऱ्यात, टिल्ट केलं की पूर्ण बंद. काचेला त्या कोपऱ्यात तळहात लावला तरी बंद.
आणि एक बारीक टिक-टिक समोरून, आरशाच्या वरून. ही टिल्टमध्ये पण येते, पूर्ण उघडलं की मात्र गायब.

ही तिसरी काय असेल?

हिंगण्याचे_काका

शाब्बास, हे असं पाह्यलं पाहिजे. तिसरी म्हणजे हवा अडवणारी पट्टी, डिफ्लेक्टर. काच उघडली की समोर जी जाळीची किंवा प्लास्टिकची पट्टी टणकन वर येते ना, ती. तिले दोन्ही बाजूले स्प्रिंगवाले हात असतात. काच बंद असली की काच त्या हातांले खाली दाबून ठेवते. तिथं कंपनी फेल्टचा नाही तं रबराचा छोटा तुकडा लावते, दहा-बारा वर्षांत तो झडून जाते, मंग प्लास्टिक लोखंडावर वाजते. पूर्ण उघडलं की हात मोकळे होऊन वर ताणून बसतात म्हणून आवाज बंद.

दुसऱ्या आवाजासाठी कागद घे. जुन्या वहीचा कागद, दोन बोटं रुंद पट्ट्या काप. काच उघड, रबरावर पट्टी ठेव, काच बंद कर, पट्टी ओढ. सगळीकडं सारखा जोर लागला पाहिजे. जिथं पट्टी अलगद निघून आली तिथं काच रबरावर बसत नाही. माझा अंदाज डावा मागचा कोपरा.

काच वर-खाली कराचे स्क्रू बाजूले असतात, शेड मागं केलं आणि कडेचं प्लास्टिक कव्हर काढलं की दिसतात, बहुतेक टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेचे, असतात, साधा पेचकस घुसवू नको, डोकं खराब झालं की पंचाईत. आधी स्क्रू आहे तिथं मार्करनं खूण कर. मंग थोडा ढिला करून कोपरा केसभर खाली-वर करता येते. हिशोब असा, काचेची समोरची कड छताच्या बरोबरीत किंवा जराशी खाली, आणि मागची कड बरोबरीत किंवा जराशी वर. जराशी म्हणजे एक मिलिमीटरच्या आत. समोरची कड वर राहिली तं हायवेवर शिट्टी वाजते.

धंतोली_७२

स्क्रूला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासा, ही सगळ्यात महत्त्वाची आहे असं मी म्हणेन. सनरूफची काच लोखंडी फ्रेमला गोंदानं चिकटवलेली असते. गाडी जुनी झाली की तो जोड सुटू शकतो आणि सुरुवातीला त्याचा आवाज अगदी असाच खडखड येतो. डिसेंबर २०१९ मध्ये मर्सिडीजनं अमेरिकेत याच कारणासाठी सुमारे साडेसात लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, २००१ ते २०११ च्या दरम्यानच्या मॉडेलच्या, काच सुटून उडू शकते म्हणून. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीच्या गाडीतही हे होऊ शकतं.

तपासायला सोपं आहे. काच टिल्ट करा, एका हातानं खालची लोखंडी फ्रेम धरा, दुसऱ्या हातानं काचेची कड हलवा. दोन्ही एकत्र हलले तर ठीक. काच वेगळी आणि फ्रेम वेगळी हलली, किंवा मधल्या काळ्या पट्ट्यात फट दिसली, तर समायोजन वगैरे सोडा, गाडी सरळ विंडशील्ड बसवणाऱ्याकडे न्या, त्यांच्याकडे काच चिकटवायचं पॉलियुरेथेन असतं. तोवर गाडी समृद्धीवर घालू नका. तिथं कारला १२० ची मर्यादा आहे आणि त्या वेगात छतावरून जाणारी हवा काचेला वरच्या बाजूला ओढत असते.

बेसा_ते_बर्डी

धंतोली सर, हे कोणीच सांगितलं नव्हतं, ना सर्व्हिस सेंटरनं ना मिस्त्रीनं. आत्ता खाली जाऊन पाहून आलो. काच आणि फ्रेम एकत्रच हलते, काळा पट्टा अखंड आहे. जीवात जीव आला.

संत्राबर्फी

मग आता रबराकडे वळा, कारण कागदाची टेस्ट वाळलेल्या रबरावर केली तर चुकीचा निकाल येतो. आधी रबर स्वच्छ आणि मऊ, मग कागद, मग गरज असली तरच स्क्रू.

आपल्या नागपूरचं हवामान रबरासाठी फार वाईट आहे. २०१३ च्या मे मध्ये ४७.९ अंश गेलं होतं आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये ३.५ पर्यंत उतरलं होतं. गाडी उन्हात उभी असली तर छताचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. असे दहा-बारा उन्हाळे काढलेलं रबर पापडासारखं कडक होतं, त्यावर काच बसली की दबत नाही, नुसती टेकते आणि प्रत्येक झटक्याला उचलून आपटते. तुमचा कट-कट तोच आहे.

मी माझ्या गाडीचं केलं ते सांगते. सावलीत, सकाळी, काच पूर्ण उघडून. बनियनचं जुनं पांढरं कापड कोमट पाण्यात बुडवून पिळून घेतलं, पाण्यात थेंबभर बेबी शाम्पू. रबरावरून बोट फिरवत नेलं तर कापडावर काळी रेघ, दुसऱ्यांदा पुन्हा काळी, कापड साफ निघेपर्यंत करत राहिले. मागच्या कोपऱ्यात रबराच्या घडीत कडुलिंबाच्या काड्या आणि बारीक वाळू बसलेली, ती टूथब्रशनं काढली. या वाळूचाच करकर आवाज येतो बरेचदा. पूर्ण वाळू दिलं आणि मग सिलिकॉन ग्रीस बोटावर मटराएवढं घेऊन रबरावर चोळलं, चकचकीत थर नको, बोटाला जेमतेम लागेल इतकंच. रात्रभर काच बंद ठेवली.

व्हॅसलीन, खोबरेल, इंजिन ऑइल यातलं काही लावायचं नाही. हे रबर बहुतेक ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं, पेट्रोलियमच्या तेलानं ते फुगतं आणि ढिलं पडतं. खोबरेल तर धूळ धरतं. डब्ल्यूडी-४० पण रबरावर आणि रेलमध्ये नको, ती जुनं ग्रीस धुऊन काढते, चार दिवस शांत वाटतं आणि मग आधीपेक्षा जास्त वाजतं.

रिंगरोड_रायडर

रेलबद्दल विचारायचं होतं. माझ्या गाडीत रेलमध्ये काळं घट्ट पेस्टसारखं झालंय. त्यावरच नवीन ग्रीस मारू का?

हिंगण्याचे_काका

नाही. ते जुनं ग्रीस आणि आपली धूळ मिळून पॉलिश पेपरचं काम करते, प्लास्टिकचे गाइड त्यानंच झिजतात. कान साफ कराच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पूर्ण काढ, मोबाइल रिपेअरवाल्याकडं भेटते ते. मंग प्लास्टिकले चालणारं सिलिकॉन नाही तं पीटीएफईवालं, म्हणजे टेफ्लॉनचं, ग्रीस पातळ लाव, काच पाच-सहा वेळा पूर्ण मागं-पुढं कर आणि कडेले जमलेलं पुसून घे. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस रेलमधे भरू नको, आपल्या इथं मिस्त्री तेच भरतात, त्यांच्याकडं तेच डब्यात असते.

काच मागं-पुढं होताना एकीकडून आधी आणि दुसरीकडून मंग अशी तिरपी चालत असली तं केबल सरकली आहे. तिथं मात्र थांब, ते घरचं काम नाही. आणि ज्याच्या गाडीत छताच्या कडेनं कर्टन एअरबॅग आहे त्यानं रूफ लायनिंग किंवा पिलरचं कव्हर घरी ओढून काढू नये. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय जाणकार मिस्त्री पण हात लावत नाही.

बेसा_ते_बर्डी

अपडेट, थोडा लांब आहे.

रबर संत्राबर्फी ताईंनी सांगितलं तसं केलं. काळी रेघ तशीच निघाली. कागद: समोर सगळीकडे घट्ट, उजवीकडे घट्ट, डावा मागचा कोपरा ओढायचीही गरज नाही, पट्टी आपोआप सरकली. काकांचा अंदाज तंतोतंत. स्क्रूला खूण करून तो कोपरा अगदी थोडा खाली घेतला, पुन्हा कागद, पुन्हा थोडा, पट्टीला बाकीच्या जागांइतकाच जोर लागेपर्यंत. रंगाला ओरखडा नको म्हणून छताच्या कडेला मास्किंग टेप लावून ठेवली होती, ती कामाला आली, पाना एकदा निसटला होता.

डिफ्लेक्टर: काच पूर्ण उघडली, हात वर आले, डाव्या हाताच्या टोकाखाली गोंदाचा फक्त पिवळा डाग, फेल्टचा तुकडा नाहीच. उजवीकडचा होता पण कागदाइतका पातळ झालेला. फेल्ट कुठे मिळतो ते कळेना, शेवटी महाल भागात हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मिळाला, त्यांनी विचारलं कशाला हवा, सांगितल्यावर स्वतःच्या हातानं दोन पट्ट्या कापून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. दोन्हीकडे चिकटवला.

शेड: दोन्ही बाजूंचे सरकणारे प्लास्टिकचे तुकडे एका अंगानं झिजलेत. ते वेगळे मिळतात का माहीत नाही, सध्या वायरिंगला गुंडाळतात ती कापडी टेप, लोकरीसारखी असते ती, तिचा एक-एक तुकडा शेडच्या कडेला आतून लावलाय जेणेकरून रेलमध्ये खेळणार नाही.

आता टिक-टिक पूर्ण गेली. घरघर गेली. कट-कट सिमेंट रोडवर गेली, खोल खड्ड्यात एखादी ऐकू येते. घरातले म्हणतात गाडी नवीन वाटते. फक्त वर्धा रोडवर विमानतळाच्या पुढे ९० ला गेलो तर बारीक शिट्टी येते, ही आधी नव्हती.

संत्राबर्फी

शिट्टी कुठून येते ते शोधायला तीच मास्किंग टेप वापरा. काचेच्या समोरच्या फटीवर बाहेरून टेप लावा आणि त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला जा. शिट्टी गेली तर समोरची फट. नाही गेली तर टेप काढून बाजूला लावा, मग मागे. टेप त्याच दिवशी काढा, आपल्या उन्हात राहिली तर गोंद रंगावर बसतो.

हिंगण्याचे_काका

मागचा कोपरा खाली घेतला की कधी कधी समोरचा जरा वर येते, काच एकच असते ना. टेपनं समोरचा निघाला तं डावा समोरचा स्क्रू खुणेपासून जरासाच, केसभर खाली घे. आणि नंतर चारही कोपऱ्यांत कागद पुन्हा ओढून पाय.

वाडी_एक्सप्रेस

वाचतोय पहिल्यापासून. माझं बाहेरून छत कापून बसवलेलं सनरूफ आहे, आधीच्या मालकानं बसवलं. त्यात हे स्क्रू वगैरे काही दिसत नाहीत, खडखड मात्र आहे, चारही बाजूंनी.

धंतोली_७२

बाहेरून बसवलेल्यात बरेचदा आतून एक रिंग असते जी स्क्रूनं छताच्या पत्र्याला वरच्या फ्रेमशी आवळून धरते. आतली प्लास्टिकची चौकट काढली की ते स्क्रू दिसतात. वर्षानुवर्षांच्या थरथरीनं ते ढिले होतात. हातानं आवळा, समोरासमोरचे जोडीनं, म्हणजे पुढचा डावा मग मागचा उजवा असं, ड्रिल मशीन लावू नका कारण रिंग वाकते आणि मग पाणी येतं. आणि रिंग काढलीच आहे तर कापलेल्या पत्र्याची कड टॉर्चनं बघून घ्या. तिथं गंज असेल तर आधी तो घासून प्रायमर लावा. कापल्यावर कडेला रंग न लावताच बसवून दिलेलं मी पाहिलंय.

बेसा_ते_बर्डी

समोरचीच फट निघाली, डावीकडे. स्क्रू जरासा फिरवला, ९० ला शिट्टी नाही, १०० ला पण नाही.

आता पावसाळा तोंडावर आहे तर नळ्यांचं काय करू? ताई, तुम्ही कसं तपासता?

संत्राबर्फी

काच उघडून समोरच्या कोपऱ्यात पन्हाळीत पाहा, नळीचं तोंड दिसेल, पेनाच्या रिफिलच्या बुडाएवढं किंवा थोडं मोठं. कपानं हळूहळू पाणी सोडा आणि कोणाला तरी खाली बघायला सांगा. समोरच्या नळीचं पाणी पुढच्या चाकामागे किंवा दाराच्या बिजागरीजवळ पडायला हवं, मागच्याचं मागच्या चाकाजवळ. पाणी लगेच खाली पडलं तर झालं. तुंबून राहिलं तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी मिळते ती सावकाश आत सारा, टोक जाळून गोल करून घ्या म्हणजे नळी फाटत नाही. तार घालू नका. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, आतल्या आत नळी तोंडावरून निसटते, बाहेरून काही कळत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसात सीट भिजते.

कडुलिंबाखाली गाडी लावत असाल तर हे जूनच्या आधी एकदा आणि पोळ्याच्या सुमाराला एकदा कराच. नळी पिलरमध्ये क्लिपमधून सुटली असेल तर ती पण पत्र्यावर आपटून वाजते, तुमच्या खड्ड्यातल्या उरलेल्या एका ठोक्यासाठी हे बघायला हरकत नाही.

बेसा_ते_बर्डी

समोरच्या दोन्ही लगेच वाहिल्या. मागची डावी तुंबली होती, दोरी घातली तर आधी काळं पाणी आणि मग पानांचा चुरा आला, आता धार लागते. डावाच कोपरा पुन्हा. गाडी रोज ज्या बाजूला लावतो तिकडे डावीकडेच झाड आहे, तिथली जागा बदलली आजपासून.

बॅटरी बदलताना काढली होती तर वन-टच बंद होत नव्हतं, मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे बंद करायचं बटन धरून ठेवलं तेव्हा काच एकदा पूर्ण हलून जागेवर बसली. कोणाला असं झालं तर मोटर गेली समजू नका.

कामठी_रोड_नवा

नमस्कार, धागा पूर्ण वाचला, खूप कामाचा आहे. माझी गाडी एवढी जुनी नाही पण पॅनोरामिक आहे. सरळ रस्त्यावर आवाज नाही, पण सोसायटीच्या गेटच्या रॅम्पवर तिरपी चढवली की छतातून करकर येते. यात पण काच खाली घ्यावी लागेल का?

हिंगण्याचे_काका

थांब, स्क्रूले हात लावू नको. एक चाक आधी चढलं की गाडीचं अंग पिळते, आणि पॅनोरामिकमधे छताले एवढं मोठं भोक असल्यानं ते पिळणं काच आणि रबरामधे जाऊन करकरते. रबर साफ करून सिलिकॉन ग्रीस लाव, बहुतेक तेवढ्यानं जाते. पुढची काच सरकते, मागची पक्की चिकटवलेली असते, दोन्हीच्या मधल्या रबरावर विसरू नको, तिथंच जास्त असते. रॅम्पवर गाडी तिरपी न नेता दोन्ही चाकं एकत्र चढव आणि आवाज येते का पाय, म्हणजे पिळण्याचाच आहे हे पक्कं होईल.

वॉरंटी चालू आहे का ते सांग आधी. चालू असली तं घरी काही करू नको, सर्व्हिस ॲडव्हायझरले गाडीत बसवून त्याच रॅम्पवर ने, आवाज त्याले ऐकव आणि जॉबकार्डवर लिहून घे.

कामठी_रोड_नवा

वॉरंटी दिवाळीपर्यंत आहे काका. शनिवारी घेऊन जातो आणि काय म्हणतात ते इथे टाकतो.